भट्टीचा रंग

पोस्टकार्ड सोमवारी आलं. चांगुणानं ते उपकेंद्राच्या पायरीवर उभ्याउभ्याच वाचलं आणि मग पुन्हा एकदा वाचलं, कारण पहिल्या खेपेला तिला शेवटची ओळच तेवढी दिसली होती.

'येत्या रविवारी अनंतपाळाच्या दर्शनाला शिरूरला येते. दुपारी तुझ्याकडे जेवीन. सायकल बघायची आहे.'

खाली सही, उमादेवी.

चांगुणानं मान वळवून भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे पाहिलं. लेडीज सायकल, वाकड्या दांडीची. दोन वर्षांपूर्वी हातात आली तेव्हा ती काळीभोर होती, तोंड दिसेल अशी. आता कॅरियरखालच्या नळ्या खरजेनं खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या. रंगाचे पापुद्रे सुटले होते, पायडलपाशी तर हात लावला की तांबडा भुगा बोटाला लागायचा. आणि उमादेवींना पाठवलेल्या प्रत्येक पत्रात चांगुणानं न चुकता लिहिलं होतं, सायकल आहे तशीच आहे.

"आता काय करतीस?" आतून तिची आई धुरपताबाई म्हणाली. पोस्टकार्ड लेकीनं मोठ्यानं वाचलं होतं हे लेकीच्या ध्यानातही नव्हतं.

"काय करू माय? तोंड कुठं लपवू?"

"खरं लिहिलं असतं तर ही पाळी आली नसती. काहून खोटं बोलून राहिली होतीस येवढं?"

याचं उत्तर सोपं नव्हतं, कारण ते फार मागचं होतं.

चांगुणाचं लहानपण हदगावकडच्या एका खेड्यात गेलं. बहात्तरच्या दुष्काळात ती तेरा वर्षांची होती. गावात पाण्याच्या जागा दोन, गावची विहीर आणि बौद्धवाड्यातला आड. दोन्हींच्या तळाशी गढूळ पाणी, आणि त्या पाण्यानं घरोघर हगवण लागलेली. पाण्यात औषध टाकायला सरकारी माणूस यायचा, पण तो गावच्या विहिरीवरनंच माघारी फिरायचा. मग एक दिवस उमादेवी सिस्टर सायकलवरून आल्या. लातूरकडच्या लिंगायत घरातल्या, ऐन तारुण्यात नवरा गेलेला, उंच, पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. त्या आधी बौद्धवाड्यात आल्या. आडाच्या काठावर बसून बादलीत पावडर कालवली, वरचं निवळ पाणी आडात सोडलं, धुरपताबाईच्या ओट्यावर बसून पाणी मागून प्याल्या आणि मगच गावात गेल्या. पुढं त्या जेवढ्या वेळा आल्या तेवढ्या वेळा त्यांचा रस्ता हाच राहिला. असं का, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी वाड्यातलं एकही लेकरू गेलं नाही. चांगुणानं नर्स व्हायचं तेव्हाच ठरवून टाकलं. नांदेडला शिकायला गेली तर तिथल्या दवाखान्यात उमादेवी होत्याच, केस पिकलेल्या, निवृत्तीला आलेल्या. चांगुणाचं शिक्षण संपलं आणि त्यांची नोकरी संपली, एकाच महिन्यात. त्यांनी सायकल रंगवून घेतली, चांगुणाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सांभाळून गं."

चांगुणानं ते दोन शब्द हुकमासारखे उरात जपले होते. आणि सायकलीचं हे असं झालं.

तिचा दोष म्हणावा तर एवढाच की ती काम करत होती. लातूर जिल्हा होऊन नऊ महिने झाले होते. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, पाट्यांचे रंग ओले, आणि पाऊस मात्र दोन वर्षं पाठ फिरवून बसलेला. उपकेंद्राखाली सात गावं. कुठं टँकर, कुठं नदीच्या पात्रातला झिरा, कुठं कमरेएवढं पाणी उरलेली विहीर. प्रत्येक ठिकाणी टीसीएल पावडर पोचवायची ती चांगुणानं. पावडरीचा डबा कॅरियरला बांधायचा आणि निघायचं. डबा कितीही घट्ट लावला तरी खाचखळग्यात थोडी पावडर सांडायचीच. ओल्या हातानं सायकल धरावी लागायची. ज्या पावडरीनं पाण्यातला रोग मरायचा, तीच सायकलीचा रंग खात होती. चांगुणा संध्याकाळी फडक्यानं पुसायची, खोबरेल लावायची. फरक काही पडत नव्हता.

बुधवारी जिल्ह्याच्या कचेरीत नर्सांची बैठक होती, गुरुवारी पावडरीची पोती मिळायची होती. चांगुणानं सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि लातूर गाठलं. रविवारच्या आत सायकल काळीभोर करायची, बस्स.

स्टँडसमोरच एक रंगाचं दुकान होतं. दुकानदारानं सायकलीकडे धड पाहिलंही नाही.

"उद्या संध्याकाळी घेऊन जा. चकाचक करून देतो. आरसा नगं तुम्हाला."

"हा गंज?"

"गंज कशाला बघता बाई? पॉलिशपेपर मारतो वरच्यावर, खड्ड्यांत लांबी भरतो, दोन हात रंगाचे. कुणाच्या बापाला कळणार न्हाई."

चांगुणाला हेच तर हवं होतं. तिनं हो म्हणायला तोंड उघडलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, त्या 'कळणार न्हाई'नं तिची जीभ अडली. दवाखान्यात जखमेवर असं कुणी केलं असतं, आतला पू तसाच ठेवून वरून पट्टी, तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. "बैठक आटपून येते," म्हणून ती सायकल ढकलत पुढं निघाली.

बैठकीत एका जुन्या कंपाउंडरनं तिला पत्ता सांगितला. गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात संगप्पा मिस्त्री. "गंजगोलाईत बसून गंज काढणारा एकच माणूस," असंही तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

संगप्पाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोखंडी कपाटांची रांगच्या रांग उभी होती. जुन्या जिल्ह्याच्या गावाहून, उस्मानाबादहून, ट्रकनं आलेली, वाटेत पोचे पडलेली, नव्या कचेऱ्यांची जुनी कपाटं. मागच्या बाजूला पत्र्याची एक खोलीवजा पेटी होती, तिच्या बुडाशी कोळसा धगधगत होता. मे महिन्याचं ऊन बाहेर आणि ही भट्टी आत. साठीचा संगप्पा कपाळावर विभूतीचे पट्टे आणि अंगात भिजलेली बंडी घालून त्या दोन्हींच्या मधे बसला होता.

तो सायकलीभोवती दोनदा फिरला. मग वाकून त्यानं कॅरियरचा वास घेतला.

"काय वाहून नेता हिच्यावर?"

"पाण्यात टाकायची पावडर. टीसीएल."

"हां. हिनंच खाल्ली. आता मला सांगा बाई, तुम्हाला रंग मिरवायला पाहिजे का वापरायला?"

"टिकला पाहिजे," चांगुणा म्हणाली. "तीच पावडर रोज सांडणार आहे त्याच्यावर. पाऊस पडेपर्यंत तरी सांडणारच."

"मग तीन रस्ते हायेत. एक, ब्रशनं ऑईलपेंट. दुसरा, निकेलचा मुलामा, चांदीवानी दिसती, नवरदेव लोक करून घेतात. तिसरा माझ्या भट्टीचा रंग. फवाऱ्यानं मारायचा आन् भाजायचा, मडकं भाजल्यावानी."

"त्यातला टिकाऊ कोणता?"

संगप्पा हसला. "मला काय विचारता? भट्टी माझी हाय. हलवाई कधी आपला पेढा आंबट म्हणंल का? तुमच्यापाशी ती पावडर हाय न्हवं? मग तुम्हीच बघा."

त्यानं अडगळीतून नळीचे तीन तुकडे शोधून काढले. एकावर ऑईलपेंट होता, एक निकेलचा चकचकीत, एक भट्टीतला काळा. चांगुणानं पिशवीतून पावडर काढली, वाटीत पाण्यानं कालवली आणि मलमासारखी तिन्ही तुकड्यांवर थापली. तिचा हात सरावानं चालत होता. संगप्पा बघत राहिला.

"आता उद्या या," तो म्हणाला. "लोखंड आन् पावडर आपापसात काय ते ठरवतील."

ती रात्र चांगुणानं नर्सांच्या क्वार्टरमध्ये एका मैत्रिणीकडे काढली. सकाळी पोती ताब्यात घेतली, ती आरोग्य खात्याच्या जीपमध्ये शिरूरकडे रवाना केली आणि ती घाईघाईनं बोळात शिरली.

तीनही तुकडे फळीवर तसेच होते. संगप्पानं तिच्यासमोर पाणी ओतून पावडर धुतली. ऑईलपेंटवर सुरकुत्या पडल्या होत्या. चांगुणानं अंगठा फिरवला तर दुधावरची साय निघावी तसा रंग निघाला आणि खालचं लोखंड दिसलं. निकेलच्या तुकड्यावर तांबूस ठिपके उठले होते, बारीक, दाट.

"गोवर," चांगुणाच्या तोंडून निघून गेलं.

भट्टीतल्या तुकड्याची चमक गेली होती. पावडर होती तिथं पांढुरका डाग राहिला होता. पण तिनं नखानं खरवडलं, मग संगप्पानं नाण्याची कड फिरवली, तरी रंग जागचा हलला नाही.

"बघा, हा पण अमर न्हाई," संगप्पा म्हणाला. "चमक जाती. रोज साध्या पाण्यानं धुवावं लागंल. दगडावर आपटली तर टवका उडंल, तिथं लगेच हात लावून घ्यावा लागंल. पण पापुद्रा सुटणार न्हाई."

"चमक गेली तर जाऊ द्या. हाच रंग. रविवारपर्यंत होईल?"

"कसं होईल? पहिला सगळा जुना रंग जाळायचा. गंज खरवडून लोखंड पांढरं करायचं. तेजाबाचा हात, मग अस्तर, मग रंगाचे दोन हात, आन् परतेक हाताला भट्टी. आन् मधे ही कलेक्टर कचेरीची कपाटं हायेत. पुढच्या गुरुवारी या."

"गंजावरच मारला तर? भट्टीचाच, पण गंजावर?"

"तर भट्टी बदनाम होईल आन् मी पण. गंज खालून चालत राहतो बाई. वरून कळतच न्हाई, हीच तर त्याची खोड हाय."

चांगुणा स्टुलावर बसली. रविवारी उमादेवी येणार. स्टँडसमोरच्या दुकानात गेलं तर त्यांच्यापुढं काळीभोर सायकल उभी राहील, त्या पाठीवर हात फिरवतील, जेवतील आणि समाधानानं जातील. महिन्याभरात रंग सुटेल, पण तोवर त्या परत येणार नाहीत. इथं टाकली तर दाखवायला सायकलच नसेल. जे दोन वर्षं लपवलं ते सगळं तोंडानं सांगावं लागेल.

तिला धुरपताबाईचं बोलणं आठवलं. मग सात गावांच्या सात वाटा आठवल्या. पावसाचं कुणाला ठाऊक होतं? अजून दोन महिने, कदाचित चार, ही सायकल रोज चालायला हवी होती.

"जाळा मिस्त्री," ती म्हणाली. "सगळं जाळा."

संगप्पानं चाकं, साखळी, सीट, सगळं उतरवून बाजूला रचलं आणि नुसती फ्रेम लोखंडी घोड्यावर आडवी ठेवली. घासलेटचा ब्लोलॅम्प पेटवला. निळी ज्योत काळ्या रंगावरून फिरली तशी रंगाला फोड आले. पत्तीनं खरवडलं तर काळ्याखालून निळा निघाला.

"आरं!" संगप्पा म्हणाला.

निळ्याखाली गंजाचा एक थर होता. त्याच्याखाली करडा रंग, पुन्हा गंज, मग आणखी एक काळा, आणि सगळ्यांत तळाशी कंपनीचा मरून. संगप्पानं पाच बोटं वर केली.

"पाच रंग, बाई. आन् परतेक येळेला गंजावरच मारलाय. हे पाप तुमचं एकटीचं न्हाई. तुमच्या हातात आली तवाच ही आतून पोखरलेली होती."

चांगुणाच्या डोळ्यांपुढं नांदेडची ती काळीभोर, तोंड दिसेल अशी सायकल होती. तेवढ्यात संगप्पाची पत्ती पायडलच्या आसापाशी पोचली आणि तिथून पिवळट लांबीचा एक खपला सुटून खाली पडला. संगप्पानं ज्योत विझवली. चष्मा लावला. तारेच्या ब्रशनं ती जागा साफ केली आणि चांगुणाला जवळ बोलावलं.

सीटची नळी जिथं आसाला जोडली होती तिथं पेराएवढी चीर होती. लांबीनं बुजवलेली, वरून रंगवलेली.

"तुमच्याकडं उतार हायेत का?"

"घरणीच्या पुलाकडे मोठा उतार आहे. रोज जाते."

"ब्रेक न लावता?"

त्या उतारावर वारा कानात भरायचा, दिवसातली तेवढी एकच थंड जागा असायची ती. ब्रेकला चांगुणानं कधी हातही लावला नव्हता.

संगप्पानं चीर बोटानं चाचपली. "अजून महिना, दोन महिने. मग एका दिवशी उतारावर ही नळी सुटली असती. कुणाची तरी पुण्याई म्हणा. घाबरू नका, लोखंड बाकी जाडजूड हाय. शेजारच्या गॅसवाल्याकडून पितळ भरून घेतो. जोड नव्यापेक्षा घट्ट होतो, तुमच्यासारख्या दोघी बसल्या तरी हलणार न्हाई."

चांगुणानं माठातलं पाणी घेतलं, घटाघटा प्यायलं, थोडं तोंडावर मारलं आणि उमादेवींच्या घराचा रस्ता धरला. आता रविवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

निवृत्तीनंतर उमादेवी लातूरलाच भावाकडे राहायच्या. पुढं महादेवप्पांचं किराणा दुकान आणि मागं घर. उमादेवी ओसरीवर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. चांगुणाला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अगं, मीच येणार होते की रविवारी! काय झालं?"

चांगुणा उंबऱ्यापाशीच उभी राहिली. बसली असती तर बोलणं झालं नसतं. "बाई, मी तुम्हाला खोटं लिहीत होते. सायकल तशी राहिली नाही. पावडरीनं गंजली, रंग सगळा गेला. आत्ता ती रंगाऱ्याकडे उघडी पडली आहे. आणि तिच्यात चीर निघाली, आसापाशी."

उमादेवींचा चेहरा पांढरा पडला. त्या उठल्या आणि चांगुणाचे दोन्ही दंड त्यांनी धरले.

"तू पडलीस का?"

"नाही."

"खरं सांग. कुठं लागलं का? हात, गुडघा?"

"नाही बाई. रंग काढताना दिसली चीर. पडले नाही मी कधीच."

उमादेवींनी तिचे दंड सोडले आणि त्या ओसरीच्या खांबाला धरून हळूहळू खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. चांगुणानं नांदेडच्या दवाखान्यात त्यांना मेलेल्या बाळंतिणीपाशी पाहिलं होतं, भाजलेल्या पोरांपाशी पाहिलं होतं. रडताना कधी पाहिलं नव्हतं.

"वाचले गं मी," त्या म्हणाल्या. "शिवा शिवा, वाचले."

मग त्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनीही हीच पावडर वाहिली होती. त्यांचीही सायकल अशीच गंजली. दर वेळी त्या ब्रशचा रंग मारून घ्यायच्या, कारण सायकल दोन दिवसांवर सोडायची सोय नव्हती आणि सरकारी नर्सची सायकल गंजकी दिसलेली त्यांना खपायची नाही. काळा झाला, करडा झाला, निळा झाला. चांगुणाला द्यायची ठरली तेव्हा त्यांनी नांदेडच्या एका रंगाऱ्याला सांगितलं, पोरीच्या पहिल्या नोकरीची सायकल आहे, नव्यासारखी दिसू दे. त्यानं पायडलपाशी काहीतरी भरताना त्यांना दिसलं होतं. 'काय भरलंस?' म्हटलं तर 'किरकोळ खड्डा आहे' म्हणाला. त्यांनी पुढं विचारलं नाही.

"मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतला दूधवाला पडला," उमादेवी म्हणाल्या. "सायकलीची नळी मधेच सुटली. कॉलरबोन मोडलं, कपाळाला खोक पडली, टाके घालावे लागले. मी त्याला पट्टी करत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं तो नांदेडचा खड्डा. त्या दिवसापासून मला घास गोड लागला नाही. पत्रात काय लिहू? मी तुला मोडकी सायकल रंगवून दिली, असं लिहू? म्हटलं दर्शनाचं निमित्त करावं आणि आपल्या डोळ्यांनी बघून यावी."

"म्हणून लिहिलं होतं, सायकल बघायची आहे?"

"मग कशाला?"

"मला वाटलं, मी नीट ठेवली की नाही ते बघणार. तुम्ही म्हणाला होता ना, सांभाळून."

"अगं, सांभाळून चालव म्हणाले होते मी!"

मग चांगुणाला हसू फुटलं. आधी तोंड दाबून, मग दाबता येईना तसं मोकळं. उमादेवी डोळे पुसता पुसता हसू लागल्या. दुकानातून महादेवप्पा ताजवा हातात घेऊन काय झालं म्हणून बघायला आले आणि या दोघींना असं बघून काही न विचारता माघारी गेले.

चांगुणाला वाटलं, दोन वर्षं डोक्यावर वाहिलेली पाण्याची घागर कुणीतरी हलकेच उतरवून घेतली. मान एकदम मोकळी झाली. उमादेवींनी तिला भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, आणि चांगुणा कालपासूनची उपाशी असल्यासारखी जेवली.

ऊन उतरल्यावर दोघी संगप्पाच्या दुकानात गेल्या. तोवर जोडात पितळ भरून झालं होतं. काळसर लोखंडावर पितळेची पिवळी रेघ स्वच्छ दिसत होती. उमादेवींनी तिच्यावरून बोट फिरवलं, फ्रेम दोन्ही हातांनी धरून जोर लावून बघितला.

"हलत नाही," त्या म्हणाल्या.

"हलणारच न्हाई अक्का. पण आणखी एक सांगतो," संगप्पा म्हणाला. "वरून कितीबी भारी रंग दिला तरी नळ्या आतून उघड्या राहतात. पाणी आत गेलं की गंज आतून सुरू. मी नळ्यांत जवसाचं तेल ओतून फिरवतो, सुकलं की आतून कवच धरतं. हे कुणी करत न्हाई, कारण ते दिसत न्हाई."

"करा," दोघी एकदमच म्हणाल्या.

"आन् रंग कोणता? कचेरीचा हिरवा हाय, करडा हाय, काळा हाय."

"यातला जास्त कोणता टिकतो?" चांगुणानं विचारलं.

"भट्टीत काळा सगळ्यांत चांगला भाजतो. उन्हात उडत पण न्हाई."

"मग काळा."

रविवारी उमादेवी शिरूरला आल्याच. अनंतपाळाचं दर्शन घेतलं, धुरपताबाईच्या हातचं जेवल्या. दोघी म्हाताऱ्यांनी हदगावकडच्या आडाच्या गोष्टी काढल्या. दुपारी टँकर आला तसा उमादेवींनी पदर खोचला आणि बादलीत पावडर कालवायला बसल्या. त्या आठवड्यात चांगुणा पायी फिरली, कधी टँकरच्या केबिनमध्ये बसून गेली. सातही गावांत पावडर पोचली, दोन दिवस मात्र उशिरा. एका गावात बायकांनी विचारलंसुद्धा, "सिस्टर, घोडं कुठं गेलं?"

पुढच्या गुरुवारी ती लातूरला पोचली तेव्हा उमादेवी तिच्याआधीच दुकानात हजर होत्या. सायकल जोडून तयार उभी होती. आरशासारखी नव्हती. शांत काळा रंग होता, बोट ठेवलं की थंडगार, काचेसारखा गुळगुळीत. संगप्पानं अभिमान लपवत किल्लीनं मडगार्डवर एक टोला दिला. टण्ण आवाज झाला, ओरखडा उठला नाही.

चांगुणानं सायकल बोळात आणली. गंजगोलाईची दुपारची वर्दळ ओसरली होती. ती बसणार तेवढ्यात उमादेवींनी हँडल धरलं.

"थांब. मोडकी तुझ्या हातात दिली होती मी. आता आधी मी बसून बघणार."

"अहो बाई, साठी झाली तुमची!"

"साठी झाली म्हणून पाय विसरतात का?"

त्यांनी लुगड्याचा काठ आवरला, एक पाय पायडलवर ठेवला, दुसऱ्यानं दोन वेळा जमीन रेटली आणि त्या निघाल्या. आधी हँडल डावी-उजवीकडे डुललं, संगप्पा "अक्का, अक्का!" करत दोन पावलं धावला, मग सायकल सरळ झाली. बोळ संपेपर्यंत त्या गेल्या, कोपऱ्यावर वळल्या, समोरून येणाऱ्या हातगाडीवाल्याला घंटी वाजवून बाजूला केलं. दुकानांच्या पायऱ्यांवरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, "अरे, महादेवप्पाची बहीण!"

त्या परत आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या आणि चेहरा पोरीसारखा फुलला होता. त्यांनी पाय टेकवला, पण सीटवरून उतरल्या नाहीत.

"कुरकुर नाही, डगडग नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या. "चांगुणा, तुझी एसटी किती वाजता आहे?"

"चारला."

"मग वेळ आहे अजून," असं म्हणून उमादेवींनी पुन्हा पायडल मारलं.